लाल निशाण आणि चार आकडे

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या शहरातील संचलन पाहिले असेल. त्या तारखेचे मूळ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आहे, हे मात्र पुष्कळदा सांगावे लागते.

१२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज तेथे लागले. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या. १४ तारखेच्या दुपारी आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. चौकशीत बरेच दोष निघाले: कापूस स्फोटकांच्या खाली रचलेला, अग्निशमन दलास वर्दी उशिरा दिलेली, आणि धोकादायक मालाची सूचना देणारे लाल निशाण जहाजावर लावलेलेच नव्हते. माल काय आहे, हे कागदोपत्री नोंदलेले होते. पण नोंद असणे निराळे आणि बंबावरून उतरणाऱ्या माणसास ती दुरून दिसणे निराळे. (आम्हां कारकुनी परंपरेतील लोकांस हा भेद उशिरा उमगतो.)

१९७० च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलाने 'हॅझकेम' संकेत तयार केला, तो नेमक्या याच गरजेतून. पेट्रोलच्या टँकरवरील '३वायई' पाहा. ३ म्हणजे फेस वापरा. पाण्याच्या झोताने पेट्रोल तरंगत पसरते. 'वाय' म्हणजे भडका संभवतो, आगीत श्वसनयंत्र लावा, द्रव गटारात जाऊ देऊ नका. 'ई' म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. खाली संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, १२०३. मुंबईहून निघालेला टँकर कन्नड वा तेलुगू मुलखात उलटला, तरी हा आकडा तसाच वाचला जातो.

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी असा माहितीफलक बंधनकारक केला. चालकाजवळ आपत्कालीन सूचनापत्रही हवे.

मी जिल्ह्यात असताना एका रात्री महामार्गावर टँकर उलटला. चालक बेशुद्ध होता. केंद्रप्रमुखाने फलक वाचून फेसाची तयारी केली, पण वास वेगळा येताच त्याने माणसे वाऱ्याच्या दिशेने मागे घेतली. सकाळी केबिनमधले कागद मिळाले, तेव्हा कळले की फलक आदल्या खेपेच्या मालाचा होता.