वारा, वॉलआय आणि १८३७ चा करार

१/१२
एप्रिलच्या सुमारास अमेरिकेतील उत्तर विस्कॉन्सिनच्या सरोवरांवरचा बर्फ वितळतो आणि वॉलआय हा मासा अंडी घालण्यासाठी काठालगतच्या खडकाळ, उथळ पाण्यात येतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच काठांवर वसंतातल्या रात्री पोलिसांचा मोठा बंदोबस्त दिसू लागला. कारण होते दीडशे वर्षांपूर्वीचे करार आणि त्यांच्या आधारे होडीतून मासे मारणारी माणसे.

२/१२
वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. त्यामुळे त्याला अंधूक उजेडात उत्तम दिसते आणि रात्री दिव्याच्या झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. या प्रदेशातील मासेमारीच्या दोन परंपरा याच एका गुणावर उभ्या आहेत. वाऱ्याशी त्यांचे नाते मात्र नेमके उलटे आहे.

३/१२
पहिली परंपरा गळाची. राज्याच्या नियमानुसार तिचा मुख्य हंगाम मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी उघडतो. गळवाल्याला वारा हवा असतो. लाटांनी पृष्ठभाग विस्कटला की खाली उजेड कमी पोहोचतो आणि वॉलआय दिवसाही भक्ष्याच्या शोधात निघतो. होडी वाऱ्याबरोबर संथ वाहू दिली, तर त्याच फेरीत नॉर्दर्न पाइक आणि पर्चही गळाला लागतात.

४/१२
दुसरी परंपरा भाल्याची, ओजिब्वे लोकांची. ते बर्फ वितळताच, रात्रीच्या वेळी उथळ पाण्यात होडी नेतात आणि दिव्याच्या उजेडात मासा हेरून अनेक दात्यांच्या भाल्याने टिपतात. वारा सुटला की पाण्याखालचे दिसेनासे होते. मग वाऱ्याआडचा काठ शोधावा लागतो. पूर्वी यासाठी मशाली वापरत. त्या पाहूनच फ्रेंच व्यापाऱ्यांनी एका सरोवराला ‘लाक द्यू फ्लाम्बो’, म्हणजे मशालींचे सरोवर, असे नाव दिले.

५/१२
१८३७ साली अमेरिकी सरकारला या भागातील पाइनची जंगले हवी होती. त्या वर्षीच्या करारान्वये ओजिब्वेंनी विस्तीर्ण भूभाग सोडला, परंतु त्या भूमीवर शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करण्याची मुभा राखून ठेवली. ही मुभा ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत’ राहील, असे शब्द करारात होते. १८४२ च्या करारानेही अशीच तरतूद केली.

६/१२
१८५० साली राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी ती मर्जी काढून घेतली आणि ओजिब्वेंना पश्चिमेकडे हलवण्याचा आदेश काढला. त्यांना देय असलेली वार्षिक रक्कम घेण्यासाठी मिनेसोटातील सँडी लेक येथे बोलावण्यात आले. अन्न निकृष्ट होते, पैसे वेळेवर आले नाहीत आणि हिवाळा सुरू झाला. रोगराई, उपासमार आणि थंडीने तेथे व परतीच्या वाटेवर सुमारे ४०० माणसे दगावली.

७/१२
१८५२ च्या वसंतात केचेवायश्के हा नव्वदीतला ओजिब्वे प्रमुख भूर्जाच्या सालीच्या होडीतून निघाला. पुढे आगबोट आणि रेल्वेने त्याचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोहोचले. राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी स्थलांतराचा आदेश मागे घेतला. १८५४ च्या कराराने ओजिब्वेंना त्यांच्याच प्रदेशात राखीव क्षेत्रे मिळाली.

८/१२
त्यानंतर राज्याचे कायदे राखीव क्षेत्राबाहेर ओजिब्वेंनाही लागू करण्यात आले आणि भाल्याची मासेमारी गुन्हा ठरली. १९७४ साली दोन ओजिब्वे भावांनी हद्दीबाहेर मासे मारून स्वतःला अटक करवून घेतली. १९८३ साली संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की १८५० चा आदेश अवैध होता आणि करारातील हक्क कधीच संपले नव्हते.

९/१२
यानंतर हद्दीबाहेरील सरोवरांवर भालेकऱ्यांच्या होड्या उतरू लागल्या, तसा विरोधही पेटला. धक्क्यांवर जमाव जमू लागला. वंशद्वेषी घोषणा दिल्या गेल्या, दगड भिरकावले गेले. काही विरोधकांनी मोटरबोटी वेगाने फिरवून मुद्दाम लाटा उठवल्या. लाटांनी पाणी ढवळले की मासा दिसत नाही आणि लहान होडी डगमगते. वाऱ्याने जे घडते, ते येथे माणसांनी घडवले.

१०/१२
अंडी घालण्याच्या काळात मासे मारल्याने सरोवरे रिकामी होतील, हा विरोधकांचा मुख्य युक्तिवाद होता. तो सहज पटण्याजोगा आहे, पण अपुरा आहे. आदल्या उन्हाळ्यात गळाला लागलेली मादीही वसंतात अंडी घालू शकत नाही. म्हणून प्रश्न हंगामाचा कमी आणि एकूण संख्येचा अधिक असतो. शिवाय उथळ पाण्यात नर अधिक काळ थांबतात, त्यामुळे भाल्याने मारले जाणारे बहुतांश मासे नरच असतात.

११/१२
प्रत्यक्षात गळाने पकडल्या जाणाऱ्या वॉलआयची संख्या भाल्याच्या कितीतरी पट होती. १९९१ साली संघीय, राज्य आणि आदिवासी जीवशास्त्रज्ञांच्या संयुक्त अहवालाने स्पष्ट केले, की भाल्याच्या मासेमारीने सरोवरांतील माशांची हानी झालेली नाही. त्याच वर्षी न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी विरोधकांना भालेकऱ्यांच्या मार्गात अडथळे आणण्यास मनाई केली. राज्य आणि सहा ओजिब्वे समुदाय या दोन्ही पक्षांनी पुढे अपील केले नाही.

१२/१२
१९९९ साली मिनेसोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी १८३७ चे हक्क कायम ठेवले. १८३७ साली ज्यांनी भूमी घेतली, त्यांना तिची किंमत दीडशे वर्षांनंतरही बांधील ठरली. आज विस्कॉन्सिनमध्ये प्रत्येक सरोवरासाठी आधी मर्यादा ठरते, परवाना एका रात्रीपुरता मिळतो आणि धक्क्यावर पकडीची मोजदाद होते. वारा फारच सुटला, तर त्या रात्री भाले होडीतच राहतात.