पक्ष्यांवर रोखलेली निरुपद्रवी बंदूक

उडत्या पक्ष्याचे पंख नेमके कसे हलतात, या पुरातन जिज्ञासेला उत्तर देणारा विश्वसनीय दस्तऐवज, शुक्राच्या अधिक्रमणासाठी १८७४ साली खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी योजिलेल्या छायाचित्रण-रिव्हॉल्वरापासून स्फूर्ती घेऊन, एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये नेपल्सच्या सागरतीरी सिद्ध केला. दस्ता खांद्याला टेकवून नेम धरावा, घोडा ओढावा आणि फिरत्या काचेवर सेकंदाला १२ प्रतिमा उमटाव्यात, अशी त्यासाठी घडविलेली त्यांची छायाचित्रण-बंदूक होती. प्रत्येक प्रतिमेस प्रकाश लाभे तो सेकंदाचा अवघा ७२०वा अंश. पक्ष्याच्या गतीबरोबर नळी फिरवीत राहण्याचे शिकाऱ्याचे कसब तीत अबाधित राहिले, हत्या मात्र उरली नाही, आणि मला हीच त्या यंत्राची खरी थोरवी वाटते. पक्ष्यांच्या उड्डाणावरील मारे यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला.