दिवाळी आली तरी शेवंतीला कळ्या का नाहीत? उशिरा फुलणाऱ्या झाडांचं गणित समजून घ्या

पाऊस परतला, पहाटे थोडा गारवा जाणवू लागला की सोलापुरातल्या गच्च्यांवर आणि अंगणांत एक प्रश्न हमखास निघतो. शेजारच्यांची शेवंती कळ्यांनी भरली, आपल्या कुंडीत मात्र नुसती पानंच पानं. असं का?

मग मोबाईलवर उपाय शोधले जातात. कुणी कांद्याच्या सालींचं पाणी घालायला सांगतं, कुणी चहाचा चोथा, तर कुणी शंभर-दोनशे रुपयांची ‘फ्लॉवर बूस्टर’ची बाटली. महिनाभर वाट पाहून शेवटी झाड ‘वांझ’ ठरवलं जातं आणि कुंडी रिकामी होते.

खरं तर अशा बऱ्याच झाडांना खत कमी पडलेलं नसतं. त्यांना अंधार कमी पडलेला असतो. पोर्चमधला किंवा गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा शेवंतीचा बहर अडवू शकतो. हे कसं होतं आणि त्यावर काय करायचं, ते पाहू.

शेवंती रात्र मोजते

शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो ही झाडं ऋतू ओळखतात ते रात्रीच्या लांबीवरून. रात्र ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी झाली आणि ती सलग काही आठवडे तशीच राहिली, की त्यांच्या शेंड्यांवर पानांऐवजी कळ्या तयार होऊ लागतात.

सोलापूर विषुववृत्तापासून फार लांब नाही, साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे इथे दिवसाच्या लांबीत मोठा फरक पडत नाही. २१ जूनच्या आसपास दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या आसपास सुमारे ११ तास ५ मिनिटांचा. म्हणजे वर्षभरात फरक फक्त दोन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या घरात जातो.

आपल्याला हा दोन तासांचा फरक फारसा जाणवत नाही, पण शेवंतीला तो पुरतो. जूनमध्ये पावणेअकरा तासांची असलेली रात्र दिवाळीच्या सुमारास साडेबारा तासांवर गेलेली असते. म्हणून आपण ज्याला ‘उशिराचा बहर’ म्हणतो, तो शेवंतीच्या हिशेबाने अगदी वेळेवर आलेला असतो.

हे कळलं कसं?

गोष्ट तंबाखूपासून सुरू होते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वाइटमन गार्नर आणि हॅरी ॲलर्ड हे शास्त्रज्ञ ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूच्या जातीवर काम करत होते. ही झाडं उन्हाळ्यात शेतात उंचच उंच वाढायची, पण फुलायची नाहीत. हिवाळ्यात काचघरात मात्र तीच जात फुलायची. खत, पाणी, तापमान असं सगळं तपासून झाल्यावर त्यांनी उन्हाळ्यातली झाडं रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून पाहिली आणि ती फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं.

पुढे १९३८ मध्ये कार्ल हॅम्नर आणि जेम्स बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग केले. मोकळ्या प्लॉटमधून चालताना ज्याची काटेरी फळं कपड्यांना चिकटतात, तेच हे तण. मोठ्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी उजेड पाडला, तरी झाड फुलत नाही, असं त्यांना दिसलं. दिवसा मध्येच अंधार केला तर मात्र काही फरक पडत नव्हता. याचा अर्थ, झाडाच्या लेखी महत्त्वाची असते ती अखंड रात्र.

रात्र मोजण्याचं काम पानं करतात. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य प्रकाशातल्या लाल भागाला प्रतिसाद देतं. रात्र पुरेशी लांब आणि सलग असली की पानांत एक संदेशवाहक प्रथिन तयार होतं आणि ते शेंड्यापर्यंत पोहोचतं. मध्येच दिवा लागला की रात्रीचे दोन तुकडे होतात आणि झाडाला वाटतं, अजून उन्हाळाच चालू आहे.

पॉलीहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी हेच तंत्र मुद्दाम वापरतात. झाड हवं तेवढं वाढेपर्यंत रात्री दिवे लावायचे आणि फुलं हवी असतील तेव्हा दिवे बंद करायचे. घरी मात्र आपण नकळत फक्त पहिलं अर्धं काम करत असतो.

तुमच्या कुंडीवर दिव्याचा परिणाम होतोय का?

रात्री दहा वाजता कुंडीजवळ उभे राहा आणि वर्तमानपत्र वाचून पाहा. पानाच्या उंचीवर बातमीची बारीक अक्षरं सहज वाचता आली, तर तो उजेड शेवंतीला त्रासदायक ठरू शकतो. ही ढोबळ चाचणी आहे, पण घरच्या घरी पुरेशी आहे. चांदण्याची काळजी करायचं कारण नाही. तो उजेड खूप मंद असतो.

आणखी एक खूण पाहा. झाडाच्या अंधाराकडच्या फांद्यांना कळ्या आहेत आणि दिव्याकडच्या फांद्या नुसत्या हिरव्या आहेत, असं दिसलं तर दोषी दिवाच समजा.

दिवाळीत यात भर पडते. आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा नेमक्या गॅलरीत, कुंड्यांच्या वरच लागतात आणि कधी कधी तुळशीच्या लग्नानंतरही तशाच राहतात. कळ्या मोठ्या होऊन त्यांना रंग दिसू लागला असेल, तर या उजेडाने फारसं बिघडत नाही. पण कळ्या अजून आल्याच नसतील, तर कुंडी तेवढे दिवस दुसरीकडे हलवलेली बरी.

सोलापूरच्या सणांतही हेच वेळापत्रक

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तिथे बतुकम्मा साजरा होतो. फुलांचे थर रचून केलेल्या या गोपुरासारख्या रचनेत मानाची फुलं दोन: तंगेडू आणि गुनुगु. तंगेडू म्हणजे आपला माळावरचा पिवळा तरवड आणि गुनुगु म्हणजे शेताच्या बांधावरचा कुर्डू. पावसाच्या शेवटी माळ आणि बांध या फुलांनी भरतात आणि सणही तेव्हाच येतो. कुर्डूही रात्र मोठी होऊ लागली की लवकर फुलोरा धरतो.

दसरा-दिवाळीचा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडेही १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणाच्या सणात घरं आणि थडगी याच फुलांनी सजवतात. शेवंती चीनमधून जगभर पसरली. सोलापुरातल्या कन्नड घरांत ती ‘सेवंतिगे’ आणि तेलुगू घरांत ‘चामंती’ होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला तिला मागणी असते, कारण त्या काळात ती भरपूर फुललेली असते.

सगळीच झाडं रात्र मोजत नाहीत

इथे अनेकांची गल्लत होते. एकच उपाय सगळ्या कुंड्यांना लागू पडत नाही. कोणतं झाड कशावर फुलतं, ते ओळखा.

* रात्रीच्या लांबीवर: शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो. पॉइन्सेटियाची लाल ‘फुलं’ खरं तर रंगलेली पानं असतात. खरी फुलं मधोमध, पिवळी आणि बारीक असतात.
* पाण्याच्या ताणावर: बोगनवेल, डाळिंब, लिंबू. रोज भरपूर पाणी मिळालं तर बोगनवेल पानं वाढवत बसते.
* गारव्यात: कुंद आणि कोरांटी. पिटूनिया, डायंथस, फ्लॉक्स ही हंगामी फुलंही यातच येतात. त्यांची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार करावी लागतात.
* लागवडीच्या तारखेवर: झेंडू. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणून दसऱ्यापासून मागे मोजून रोपं लावायची.
* जवळजवळ वर्षभर: सदाफुली, जास्वंद, अबोली. ऊन आणि पाणी बेताचं मिळालं की फुलत राहतात.

मोगरा या काळात फुलत नाही म्हणून काळजी करू नका. त्याचा बहर उन्हाळ्याचा. हिवाळ्यात त्याला विश्रांती द्या, पाणी कमी करा आणि डिसेंबर-जानेवारीत छाटणी करा.

डाळिंब बागायतदारांकडून काय शिकायचं?

पाण्याच्या ताणाचं तंत्र सोलापूर जिल्ह्याला नवं नाही. डाळिंबाचे मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार असे तीन बहार धरले जातात. जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीत आंबे. यातला कोणता बहार घ्यायचा हे शेतकरी ठरवतो. त्यासाठी बागेचं पाणी काही आठवडे तोडतो, झाड पानगळ करून विश्रांती घेतं आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलोरा येतो. देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापूरजवळ केगावलाच आहे. त्याची स्थापना २००५ मध्ये झाली.

हस्त बहारात एक अडचण असते. सोलापुरात सप्टेंबरमध्येच चांगला पाऊस पडतो, त्यामुळे ताण नीट बसत नाही. गच्चीवरच्या बोगनवेलीचंही तसंच होतं. परतीचा पाऊस संपल्यावर तिला भरपूर उन्हात ठेवा आणि माती वरून दोन इंच कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. पानं किंचित मलूल दिसली की पाणी द्या. झाड वाळेपर्यंत मात्र थांबू नका.

ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे जास्तच कामाचं आहे. साठवलेलं पाणी बोगनवेलीवर रोज ओतण्यापेक्षा कळ्या धरलेल्या शेवंतीला दिलं, तर त्याचं चीज होतं. शेवंतीला कळ्या लागल्यावर पाण्याचा ताण सोसत नाही. कळ्या काळ्या पडून गळतात.

शेवंतीसाठी वर्षभराचं साधं वेळापत्रक

* फेब्रुवारी-मार्च: बहर संपल्यावर झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटा. बुडाशी नवे कोंब फुटतात, त्यांना काश्या म्हणतात.
* एप्रिल-मे: काश्या मुळांसकट वेगळ्या करून नव्या कुंड्यांत लावा. सोलापूरच्या कडक उन्हात दुपारची सावली हवीच.
* जून-जुलै: शेंडे दोन-तीनदा खुडा. झाड पसरतं आणि फुलांची संख्या वाढते.
* श्रावण संपला की: शेंडे खुडणं बंद करा. त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे हातची गेलेली कळी. युरियासारखं नत्रयुक्त खतही थांबवा, नाहीतर पानांचाच पसारा वाढतो.
* सप्टेंबरपासून: रात्रीचा उजेड टाळा. परतीच्या पावसात कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, ते पाहा.

मातीही तपासा. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते, ओली असताना पाणी धरून ठेवते आणि सुकली की तडकते. तिच्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. बोअरचं पाणी वापरत असाल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर जमत असेल, तर पाणी क्षारयुक्त आहे. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्या पाण्याने अधूनमधून माती धुऊन काढा.

थंडी पडू लागल्यावर शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन टाका. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. उमललेल्या फुलांवर मात्र काहीही फवारू नका. पाऊस संपून रान सुकू लागतं, तेव्हा मधमाश्या आणि फुलपाखरांना बागेतली हीच फुलं आधार देतात.

अजूनही कळ्या नसतील तर?

झाड निरोगी असेल तर टाकून देऊ नका. आधी कुंडी अशा कोपऱ्यात हलवा, जिथे दिवसा किमान पाच-सहा तास ऊन आणि रात्री पूर्ण अंधार मिळेल. बंगल्याची मागची बाजू किंवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची रस्त्यापलीकडची बाजू चालते.

कुंडी हलवता येत नसेल तर संध्याकाळी सहाला झाडावर मोठा पुठ्ठ्याचा खोका किंवा जाड काळं कापड घाला आणि सकाळी सातला काढा. प्लास्टिक नको, आत दमटपणा साचतो. यात खंड पडू देऊ नका. मधल्या काही रात्री उजेडात गेल्या तर कळ्या लांबतात. दिवा टाळता येत नसेल तर तो रात्रभर चालू ठेवण्याऐवजी माणूस आल्यावरच लागणारा सेन्सरचा दिवा बसवा आणि त्याचं तोंड कुंडीपासून वळवा.

मोठी रात्र मिळू लागल्यापासून शेवंतीला फुलायला जातीनुसार साधारण सात ते दहा आठवडे लागतात. म्हणजे दिवाळीत अंधाराची सोय केली, तर संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरेपर्यंत तुमच्या कुंडीत फुलं दिसू शकतात. त्यासाठी बाटली विकत घ्यायची गरज नाही. आज रात्री फक्त पोर्चमधला दिवा बंद करा.