जुन्या मराठी फाइल पुन्हा वाचताना

अहिल्यानगर (प्रतिनिधी) : गावाचा इतिहास, संस्थेची स्मरणिका, एखादा शोधनिबंध... वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टंकलिखित केलेली अशी फाइल आज उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा काला दिसतो. फाइल खराब झाली, असे समजून ती पुसून टाकण्याची चूक होते. प्रत्यक्षात मजकूर बहुधा शाबूत असतो.

असे का होते?
श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम आदी प्रणालींच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत. प्रत्येकाची मांडणी निराळी. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर त्या क्रमांकाचे इंग्रजी अक्षर उमटते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्ये स्थान मिळाले. तरीही छपाई व्यवसायात जुने फॉन्ट पुढे बराच काळ चालले.

फाइल कशी वाचावी?
प्रथम मूळ फाइलची प्रत काढावी व प्रतीवरच काम करावे. मजकूर निवडल्यास वर्डमध्ये फॉन्टचे नाव दिसते. तो फॉन्ट मिळवून बसविल्यास मराठी दिसू लागते. त्यानंतर त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये रूपांतर करावे. रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे यांत चुका राहतात. त्यामुळे मुद्रितशोधन अटळ आहे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. तिच्या फाइल इनडिझाइन सीएस-६ मध्ये उघडतात. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही प्रयत्न करता येतो.

फाइल पुसली गेल्यास
रिसायकल बिन आधी पाहावा. वर्डमध्ये बॅकअप प्रतीचा पर्याय निवडलेला असल्यास डब्ल्यूबीके प्रकारची फाइल शोधावी. हार्ड डिस्कवरून फाइल पुसली, तरी लगेच केवळ तिची नोंद जाते. मजकूर त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो. म्हणून त्या डिस्कचा वापर तत्काळ थांबवावा आणि रेक्युव्हासारखे सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवरून चालवावे. एसएसडीवर ही शक्यता फारच कमी असते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते.

हे लक्षात ठेवा
मूळ फाइल, तिचा फॉन्ट, युनिकोड प्रत व पीडीएफ एकत्र, पण दोन ठिकाणी जपावी. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले असल्याने जुन्या मजकुरात शोध घेताना ‘अहमदनगर’ व ‘नगर’ हे शब्दही द्यावेत. युनिकोड झालेल्या मजकुरातच असा शोध शक्य आहे.