दरवाजा दिसतो, नहर दिसत नाही

औरंगाबादला आपण बावन्न दरवाजांचं शहर म्हणतो. आज त्यांतले थोडेच उभे आहेत. १६१२ चा भडकल दरवाजा रहदारीच्या रस्त्यावर आहे, म्हणून सगळ्यांच्या नजरेत राहतो. पण तो बांधणाऱ्या मलिक अंबरचं खरं मोठं काम जमिनीखाली आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. तेव्हाच्या खडकीत त्याने डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारावर आणलं. तीच नहर-ए-अंबरी. आता तिच्यावर घरं चढली, खोदकामात ती जागोजागी फुटली. वारसा यादीत नाव घालणं सोपं आहे हो! माझ्या मते बांधकाम परवाना देणाऱ्याच्या नकाशावर नहरीची रेघ हवी, म्हणजे पाया खणण्याआधीच अडवता येईल.