शत्रूची रसद : मलेरियाच्या शोधाची गोष्ट



फौजेत रसदीला फार महत्त्व. शत्रू काय खातो आणि मागे काय टाकून जातो, हे कळलं की त्याचा माग निघतो. मलेरियाचा मागही असाच निघाला, आणि तो काढला लष्करी डॉक्टरांनी.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. प्लाझ्मोडियम हा एका पेशीचा परजीवी. डासाच्या चाव्यातून तो शरीरात शिरतो, काही दिवस यकृतात वाढतो आणि मग तांबड्या रक्तपेशींत मुक्काम ठोकतो. ऊर्जेसाठी तो आपल्या रक्तातली साखर वापरतो आणि प्रथिनांसाठी हिमोग्लोबिन खातो. पण हिमोग्लोबिन पचवताना हीम नावाचा लोहयुक्त भाग उरतो, आणि तो परजीवीलाच विषारी असतो. म्हणून त्याचे काळपट स्फटिक करून तो ते आपल्या अन्नपोकळीत साठवतो.

याच कचऱ्याने त्याचा घात केला. फ्रेंच सैन्यातले डॉक्टर लाव्हरां अल्जीरियात आजारी सैनिकांच्या रक्तातले हे काळे कण तपासत होते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी त्यांना त्या कणांसोबत हलणारा जिवंत जीव दिसला. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात गोल पेशी पाहिल्या. त्यांतही तेच काळे कण होते. तेव्हा डासाचा हात असल्याचं पक्कं झालं.

औषधांनीही इथेच मारा केला. क्लोरोक्विन अन्नपोकळीत शिरून स्फटिक बनू देत नाही, मग हीमच परजीवीला मारतं. पण शत्रूही शिकतो. काही परजीवींत अन्नपोकळीच्या भिंतीतलं एक प्रथिन बदललं आणि ते औषध बाहेर फेकू लागलं. भारतात असा परजीवी १९७३ मध्ये प्रथम आसामात आढळला. तोवर चीनमध्ये, व्हिएतनामच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांसाठी, १९६७ मध्ये एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला होता. त्यातून तू यूयू यांनी आर्टेमिसिनिन शोधलं. गंमत बघा, हे औषध जागं होतं तेही हीममधल्या लोहामुळेच.

आता आपल्या छत्तीसगडकडे येऊ. जानेवारी २०२० मध्ये 'मलेरियामुक्त बस्तर' अभियान सुरू झालं. आरोग्य कर्मचारी आणि मितानीन दीदी घरोघर जाऊन, ताप असो वा नसो, प्रत्येकाचं रक्त तपासू लागल्या. कारण वारंवार मलेरिया झालेल्या माणसात परजीवी ताप न आणताही राहू शकतो. माणूस धडधाकट दिसतो, पण डासांसाठी तो शत्रूचा कोठार ठरतो. त्याला शोधलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात शेजारचं लेकरू तापाने फणफणतं.

म्हणून बस्तरात तपासणीला कुणी दारात आलं, तर 'मला काय झालंय?' म्हणू नका, बोट पुढे करा. मलेरिया निघाला, तर गोळ्यांचा कोर्स पुरा करा. ताप उतरला म्हणून सोडलेल्या गोळ्या म्हणजे शत्रूला दिलेली सवड.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.