उपटसुंभ खिडकी

आमच्या सोसायटीने पहिल्यांदा वॉचमन ठेवला, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी माझ्या सख्ख्या मेहुण्याला फाटकाबाहेर अर्धा तास उभं केलं आणि अगरबत्त्या विकायला आलेल्या एका गृहस्थाला कडक सलाम ठोकून आत सोडलं. आमच्या हिने दोन दिवस अबोला धरला. मला मात्र वॉचमनची फारशी चूक दिसली नाही. (मेहुण्याला पाहिलंत तर तुम्हालाही दिसणार नाही.) बिचाऱ्याला सांगितलं होतं, ‘आगंतुकाला सोडू नकोस.’ आता पाहुणा कोण आणि आगंतुक कोण, हे कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं?

हाच वॉचमन पुढे 2005 साली मला माझ्या संगणकात भेटला.

त्याचं असं झालं. आमची मुलगी इंदूरला दिलेली. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. दर रविवारी सकाळी अकराला तो तिकडून आणि मी इकडून, असे आम्ही इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायचो. एका साइटवर जायचं, नाव टाकायचं, की वेगळी एक छोटी खिडकी टपकन उघडायची आणि तिच्यात पट मांडलेला असायचा. पोरगं माझा वजीर खायचं आणि वर लिहायचं, ‘आजोबा, रागावलात?’ मी रागावलेला असायचोच. पण ‘छे छे’ असं कळवायचो.

एका रविवारी पट उघडलाच नाही. टुणकन आवाज झाला, वरच्या अंगाला बोटभर रुंदीची पिवळी पट्टी आली आणि पुढे सगळं शांत. पट्टीवर इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं. पण चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या हाडीमाशी एक गोष्ट खिळलेली असते : लावलेली सूचना वाचायची नाही. अर्धा तास वाट पाहिली आणि उठलो. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी संगणक लावलाच नाही. मनाशी म्हटलं, मोठा झाला आता. म्हाताऱ्याबरोबर कोण खेळतो? पेपर घेऊन बसलो, पण त्या दिवशीचं शब्दकोडं काही सुटलं नाही.

रात्री मुलीचा फोन. “बाबा, तुम्ही त्याच्यावर रागावलात का हो? तीन रविवार झाले, संगणकासमोरून हलत नाही. म्हणतो, मी वजीर खाल्ला म्हणून आजोबा येत नाहीत.”

वजिराचं काय घेऊन बसलात, त्या घटकेला मी अख्खं राज्य देऊन टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला बोलावलं. त्याने पिवळी पट्टी वाचली आणि म्हणाला, “काका, हा पॉप-अप ब्लॉकर. मागे मी तुमच्या संगणकात नवीन भरून दिलं ना, त्याबरोबर आला. तुमच्या खेळाची खिडकी त्याला जाहिरात वाटली.”

म्हणजे पुन्हा आमचा मेहुणा फाटकाबाहेर!

हा वॉचमन मुळात ठेवावा का लागला, ती हकीकत मी पुढे हौसेने वाचून काढली. 1995 च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आइक याने जावास्क्रिप्ट ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. (दहा दिवसांत आमच्याकडे गणपतीची वर्गणीही गोळा होत नाही.) वाचत असलेलं पान न हलवता शेजारी नवी खिडकी उघडायची, अशी एक आज्ञा या भाषेत होती. हेतू अगदी सालस. काही जादा दाखवायचं असलं तर दाखवता यावं, इतकंच.

त्याच काळात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ट्रायपॉड’ नावाची कंपनी होती. ती लोकांना फुकटात आपापलं पान मांडू द्यायची आणि पोटापाण्यासाठी त्यावर जाहिराती लावायची. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात नेमकी अशा पानावर लागली, की त्या पानाचा विषय सांगितला तर प्रकाशक हा लेख पुस्तकातून काढून टाकतील. मोटारवाले खवळले. तेव्हा ट्रायपॉडमधल्या ईथन झुकरमन या तरुणाने तोड काढली : जाहिरात त्या पानावर नकोच, तिला वेगळी खिडकी द्या. झालं! सोवळं एका खिडकीत, ओवळं दुसऱ्या खिडकीत. 2014 साली झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून याबद्दल माफी मागितली. हेतू चांगला होता, असं ते म्हणाले. ते खरंच असावं. वाईट हेतूची माणसं इतकी अक्कल चालवत नाहीत.

पण एकाने वाट पाडली की मागून वरात येते. काही वर्षांतच एक पान उघडावं तर चार खिडक्या अंगावर धावून येऊ लागल्या. एक मिटली की दोन उघडायच्या, अगदी रक्तबीजासारख्या. काही तर मागे दबा धरून बसायच्या आणि सगळं आवरल्यावर दर्शन द्यायच्या. तेव्हा नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरने प्रथम दारावर पहारा बसवला. मोझिलाने त्यात सुधारणा केली. ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही पहारेकरी आला आणि मग तो घरोघर पोचला.

त्याचा नियम साधा : माणसाने स्वतः बटण दाबलं आणि लगेच खिडकी उघडली, तर तो पाहुणा, आपणहून उघडली, तर उपटसुंभ. आता खेळवाल्यांची पंचाईत पाहा. पट ठरलेल्या मापात, आजूबाजूच्या बटणांच्या गर्दीशिवाय दिसावा म्हणून त्यांना वेगळी खिडकी हवी असायची. मी नाव टाकून बटण दाबणार, साइट ते नाव तपासणार आणि मग आपणहून खिडकी उघडणार. तोवर मी बटण दाबल्याचं वॉचमन विसरलेला! जाहिरात आणि खेळ एकाच दाराने येत होते, आणि जाहिरातीच्या पापाची शिक्षा माझ्या नातवाला झाली.

हे कळायच्या आधी मी उतावीळपणाने काय केलं असेल? ‘ब्लॉकर बंद’ असं बटण होतं, ते दाबलं. पट उघडला खरा. पण पाठोपाठ कर्जं, घड्याळं आणि ‘अभिनंदन! आपण आमचे दहा लाखावे पाहुणे’ अशी दिंडीच घुसली. त्या गर्दीत माझा उंट कुठे गेला, कळलंच नाही. शेवटी शेजारच्या मुलानेच शहाणपण शिकवलं. “काका, वॉचमनला काढू नका. ह्या एका साइटचं नाव त्याच्या यादीत घाला.” एवढंच करायचं होतं. रविवारी अकराला खिडकी उघडली. पलीकडून आलं, ‘आजोबा, रागावलात?’ त्या दिवशी मी पहिल्यांदाच खरं लिहिलं, ‘नाही रे.’ आणि वजीर स्वतःहून त्याच्या तोंडात दिला.

आता नातू तिशीला टेकला. आमचा पट ज्या फ्लॅशवर चालायचा, ते 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने निवृत्त केलं, आणि असे कितीतरी खेळ त्याच्याबरोबर गेले. हल्ली खेळ पानातच उघडतात, वेगळी खिडकी लागत नाही. पहारा मात्र अजून आहे, आणि कधी एखादं कामाचं पान उघडेना झालं तर मी आधी वरची सूचना वाचतो, मग एकच नाव यादीत घालतो.

सोसायटीच्या वॉचमनकडेही तशी यादी आहे. नातवाचं नाव पहिलं. मेहुण्याचं घालायचं अजून राहूनच गेलंय.